बिनशिशाचं पेट्रोल आणि साहेबांची गाडी

जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे. त्या बाळगणाऱ्या लोकांवर अजिबात नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण माझं घर त्यांच्यावर चालतं. मुकुंदवाडीला माझं छोटं वर्कशॉप आहे. इंजिनाची हेडं उघडायची, व्हॉल्व्ह घासायचे, ते जिथं टेकतात त्या सीटा बसवायच्या, एवढंच काम. रविवारी सकाळी हे लोक येतात. डोक्यावर गोल टोपी, शर्टाला अडकवलेला गॉगल, आणि चेहरा असा की घरात कुणीतरी गेलंय. "हल्लीच्या पेट्रोलात काय काय मिसळतात हो! आमच्या गाडीचं कसं व्हायचं?" बॉनेटचा खटका कुठं असतो हे ज्याला ठाऊक नाही, तो मला पेट्रोलमधलं रसायनशास्त्र शिकवतो. मी मान हलवतो आणि पाना हातात घेतो.

असा पहिला माणूस मी पाहिला तो माझाच मालक होता.

मी कन्नडच्या पलीकडच्या एका खेड्यातला. आम्ही बौद्ध. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामाला जायचे, बाकीचे महिने मिळेल ती मजुरी. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा आमच्या वस्तीतली घरंही पेटली. आमचं वाचलं, चुलत्याचं गेलं. पुढं मी शहरात आत्याकडं आलो, आयटीआयला टर्नरचं शिकलो. त्या काळात चिकलठाण्याला शेडमागून शेड उभी राहत होती, वाळूजला स्कूटरी बनायला लागल्या होत्या, आणि लेथ चालवणाऱ्या माणसाला काम शोधावं लागत नव्हतं.

साहेबांचा कारखाना स्कूटरचे सुटे भाग बनवायचा. मुलाखतीत त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग थोडं थांबून म्हणाले, "त्या भानगडीत नाहीस ना तू?"

"कुठल्या, साहेब?"

"नावाच्या."

"नाही," मी म्हणालो. आदल्याच आठवड्यात मी मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. नोकरी लागली. त्या 'नाही'ची आठवण आली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साहेबांकडं एक जुनी गाडी होती, ती त्यांनी एका जहागीरदार घराण्याकडून घेतली होती. विलायती बनावट, लालसर काळा रंग, आत लाकडी पट्ट्या आणि चामड्याच्या गाद्या. गाडीबरोबर ड्रायव्हरही आला. त्याला सगळे चाचा म्हणत. उंच, वाळका, पांढऱ्या कडक शर्टातला माणूस. साहेब ती गाडी चालवायचे ती पोर्चपासून फाटकापर्यंत, पाहुणे बघत असले तर. बाकी सगळं चाचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, "तीन नंबर का टापेट बज रहा." टापेट म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग. उघडून बघितलं की तीन नंबरचाच. गाडीचं काही काम निघालं की मला मशीनवरून उठवून त्याच्याकडं पाठवत. हेडाचं काम मी कुठल्या आयटीआयत शिकलो नाही, त्याच्याकडं शिकलो.

नामांतराच्या दिवसांत शहरात वरचेवर कर्फ्यू लागायचा. एकदा आम्ही दोन दिवस घरात कोंडून होतो. आत्याकडं दूध नव्हतं, शेजारच्या बाळंतिणीला औषध नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याची जीप आली आणि वॉचमननं माझ्या हातात माझ्या नावाचा कर्फ्यू पास ठेवला. 'अत्यावश्यक काम' असं त्यावर लिहिलं होतं. मला वाटलं भट्टी बंद पडली असेल, कुणी मशीनमध्ये अडकलं असेल. जीप थेट बंगल्यावर गेली.

"गाडी चालू करून ठेव," साहेब म्हणाले. "दोन दिवस उभी आहे. चाचाला येता येत नाही, त्याच्या मोहल्ल्यात जास्त कडक आहे. बॅटरी उतरेल."

मी गाडी चालू केली. वीस मिनिटं ती पोर्चमध्ये गुरगुरत राहिली आणि साहेब व्हरांड्यात चहा पीत ऐकत राहिले. येताना मी जीपवाल्याला हाता-पाया पडून एका अर्ध्या उघड्या दुकानाशी थांबवलं, औषध घेतलं. वाटेत एका पोलिसानं पास बघितला आणि विचारलं, "काय अत्यावश्यक होतं रे?" मी म्हणालो, "मशीन." खरं सांगितलं असतं तर त्यानं काठीच घातली असती, आणि मी त्याला दोष दिला नसता.

शेवटी एका संक्रांतीला नामविस्तार झाला. आम्ही विद्यापीठाच्या गेटवर गेलो, रडलो, नाचलो, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर साहेब शेडमध्ये उभे होते. "झालं ना तुमचं नाव? आता चला मशीनवर. एवढ्या वर्षांचा तमाशा एका नावासाठी! नाव बदलून काय चार कारखाने जास्त येणार आहेत?"

मी मशीनवर गेलो. पण त्याच वर्षी साहेबांना कळलं की गाडीचा निजामाच्या काळापासून चालत आलेला नंबर कागदपत्रांच्या घोळात बदलावा लागणार आहे. मग हा माणूस आरटीओच्या चकरा मारू लागला. वकील केला, मुंबईला माणूस पाठवला, जेवताना-उठताना तोच विषय. "त्या नंबरात या गाडीची ओळख आहे," असं ते ऑफिसात प्रत्येकाला पटवून देत. मलाही दिलं. मी "खरंय साहेब" म्हणालो आणि त्याच महिन्यात नोकरी सोडून मुकुंदवाडीत भाड्याचं शटर घेतलं.

पाच-सहा वर्षांनी पंपांवर सगळीकडं अनलेडेड पेट्रोल आलं. शिसं विषारी असतं, लहान लेकरांच्या मेंदूवर जातं, म्हणून ते पेट्रोलमधून काढलं. चांगलंच झालं. रिक्षावाल्यांनी, स्कूटरवाल्यांनी काही विचारलं नाही. दुखवटा पाळला तो जुन्या गाड्यांच्या क्लबानं. साहेब तोवर त्या क्लबाचे मोठे पदाधिकारी झाले होते.

यांच्या भीतीत तथ्य नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह थेट बिडाच्या हेडावर बसतो. पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर त्या दोघांच्या मध्ये राहायचा. शिसं गेलं की तापलेला व्हॉल्व्ह बिडाला धरतो, उचलताना कण ओढून नेतो, आणि हळूहळू आत रुतत जातो. जसा रुततो तशी त्याच्यावरची टापेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. उपाय सोपा आहे. हेड उतरवायचं, तिथं खाच कोरायची आणि कडक पोलादाची रिंग ठोकून बसवायची. आणि गाडी सावकाश, गावातल्या गावात चालवली तर ही पाळीसुद्धा वर्षानुवर्षं येत नाही.

पण क्लबात गेल्यापासून साहेबांना वेगाचं वेड लागलं होतं. सकाळी जालना रोडला गाडी काढायची आणि काटा कुठपर्यंत जातो ते दुसऱ्यांना दाखवायचं. चाचा शेजारी बसून जीव मुठीत धरायचा.

एके दिवशी तोच माझ्या दुकानावर आला. सत्तरीला टेकला होता. स्टुलावर बसून म्हणाला, "बेटे, उसके टापेट हर हफ्ते कम हो रहे. मैं फट मिलाताऊँ, आठ दिन में फिर गायब. सीट खा रही वो."

"साहेबांना सांगितलं का?"

"बोल्या. सुनते कां? तू बोल."

मी गेलो. बंगल्याच्या दिवाणखान्यात बाहेरगावचा एक तज्ज्ञ बसला होता. त्यानं पेट्रोलच्या नळीला चुंबकाची पेटी बांधली होती आणि टाकीत कथलाच्या गोळ्यांची पिशवी सोडली होती. चुंबकातून गेलं की पेट्रोलचे कण सरळ रांगेत उभे राहतात, असं तो शपथेवर सांगत होता. मी साहेबांना म्हणालो, "हेड उतरवून रिंगा बसवू. आठ दिवसांचं काम आहे."

साहेब तज्ज्ञाकडं बघून हसले. "हा आमच्याकडं लेथवर होता." मग मला म्हणाले, "मूळ इंजिनाला हात लावला तर गाडीची किंमत काय राहते माहितीय का? तुझं काम घासायचं, तू घास."

"मग निदान जोरात चालवू नका. आणि टापेट—"

"टापेट चाचा बघतो."

पंधरा दिवसांनी क्लबाची मिरवणूक निघाली, दौलताबादवरून घाट चढून खुलताबादला आणि पुढं वेरूळला. साहेबांच्या गाडीत मागं प्रमुख पाहुणे होते. स्टेअरिंगवर साहेब स्वतः, शेजारी चाचा. ऊन मजबूत होतं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी लंगडायला लागली, तिसऱ्या वळणावर थांबली. मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या. एसटीतली माणसं खिडकीतून डोकी काढून सल्ले देत होती.

मला फोन आला तसा मी टेम्पो आणि दोर घेऊन गेलो. पोचलो तेव्हा साहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहून चाचावर ओरडत होते. "टापेट तू बिघडवलेस! डोळे गेलेत तुझे, हात थरथरतात, आणि मी दया म्हणून ठेवलंय! उद्यापासून यायचं नाही." पाहुणे छत्रीखाली उभे राहून खाली दरीकडं बघत होते. तो तज्ज्ञ दुसऱ्या गाडीत बसून केव्हाच वेरूळला गेला होता.

चाचानं पुढच्या सीटवरून आपली टोपी आणि डबा उचलला आणि रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभा राहिला. मी त्याला टेम्पोत बस म्हणालो तर मान हलवून नको म्हणाला. आणि मी काय केलं? गाडीला दोर बांधला. 'साहेब, याचं चुकलं नाही, याचंच तुम्ही ऐकलं नाही,' हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं.

हेड उतरवलं तेव्हा सगळं उघड झालं. चार एक्झॉस्ट सीटा बिडात खोल गेल्या होत्या, दोन व्हॉल्व्हच्या कडा जळून बिस्किटासारख्या तुटल्या होत्या. चाचाला निरोप पाठवला. तो आला, चष्मा पुसला, एकेका सीटवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिला. मग जळका व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून म्हणाला, "चल मेरे साथ."

बंगल्यावर क्लबाची बैठक चालली होती. दहा-बारा माणसं, काजू, थंड पेयं. चाचा सरळ आत गेला. एवढ्या वर्षांत तो त्या दिवाणखान्यात पहिल्यांदाच शिरला असेल. त्यानं रुमाल उलगडला आणि काचेच्या टेबलावर व्हॉल्व्ह ठेवला.

"साहब, ये मेरे हाथ से नईं बिगड्या. सीट बैठ गई इसकी. मैं चार बार बोल्या था. ये खड़ा है, पूछो इसकू."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी आवाज निघाला. "व्हय," मी म्हणालो. "चाचानं सांगितलं होतं. मीबी सांगितलं होतं. ह्याच खोलीत."

शहरात आल्यापासून साहेबांसमोर मी शुद्ध बोलायची कसरत करत होतो. त्या दिवशी गावाकडचं तोंडात आलं आणि बरं वाटलं.

साहेबांनी व्हॉल्व्ह हातात घेतला, उलटसुलट केला. "इंटरेस्टिंग," म्हणाले, आणि शेजारच्याला दाखवला. मग माझ्याकडं वळून, "रिंगा कधीपर्यंत बसतील?" चाचाकडं त्यांनी बघितलंही नाही. चाचानं रुमाल झटकला, नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि निघाला. फाटकाबाहेर आल्यावर मी म्हणालो, "मी नाही करत त्याचं काम."

"कायकू?" तो चिडला. "गाड़ी ने क्या किया? बैठा रिंग, और बराबर बैठा."

मी बसवल्या. त्या गाडीचं हेड मी आजवर केलेल्या कामांतलं सगळ्यात चोख काम असेल. अनलेडेडवर ती सुरेख चालली. वर्षभरानं क्लबाच्या पुस्तिकेत साहेबांचा लेख आला. जुनी गाडी नव्या पेट्रोलवर कशी आणावी यावर. 'दीर्घ अभ्यासानंतर मी स्वतः निर्णय घेतला की' अशी सुरुवात. दोन पानं, चार फोटो, सगळ्या फोटोंत साहेब आणि उघडं बॉनेट, एकात हातात इंजिनातलं तेल मोजायची डिपस्टिक. चाचा नाही, मी नाही, चुंबकाची पेटीही नाही.

पुस्तिका मी चाचाला दाखवायला नेली. तो नातीला शाळेत सोडायला मोपेड काढत होता. त्यानं फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि हसत सुटला. हसता हसता खोकला आला. "देख," तो म्हणाला, "डिपस्टिक उलटी पकड़े!"

मी बघितलं. खरंच उलटी होती.