आबांची वखार

सत्तेचाळीस साली इंग्रज गेले, पण ते पुन्हा येऊ नयेत याची जबाबदारी देशानं एकट्या आमच्या आबांवर सोपवली होती, अशी निदान आबांची समजूत होती. रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाडीत ते एकटेच राहायचे. दारात कासार येवो की कापडवाला, "काय आणलंय?" असं न विचारता आधी विचारायचे, "परत कधी जाणार?" कुणी पायरीवर टेकलाच, तर म्हणायचे, "बादशहानंही इंग्रजांना आधी वखारीपुरतीच जागा दिली होती हो!" बिचारा गठडं उचलून चालू लागायचा.

मी गावोगाव चहा विकणारा; अशा माणसाकडे मी चहाच्या पेट्या ठेवायला पडवीतला कोपरा मागितला. "पावसाळ्यापुरता," म्हणालो. आबा एकदम खुलले. "तेही असंच म्हणाले होते. ठेवा!" ओल येते म्हणून मी फळ्या ठोकल्या, तर "तटबंदी झाली!" उंदरांच्या भीतीनं तिथंच झोपू लागलो, तर "पलटण उतरली!" पुढं त्यांच्या दोघा पुतण्यांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपली. मी शहाणा, मिटवायला गेलो आणि धाकट्याची बाजू घेऊन बसलो. थोरल्यानं येणं सोडलं. मग 'थोरल्याचंही थोडं बरोबर आहे' म्हणालो, तर धाकट्यानंही. त्या गणपतीत पानं दोनच मांडली. "प्लासी जिंकलात," आबा म्हणाले, पण हसले नाहीत. पानातला मोदक तसाच राहिला. दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी सुपारीचा व्यवहार माझ्या हाती दिला. "घ्या, बंगालची दिवाणी!" पहिल्याच मोसमात व्यापारी मला ठकवून गेला. असा साहेब कंपनीला कधी मिळाला नसेल.

मग अलिबागेत मला खोली मिळाली. पेट्या बांधून नमस्काराला वाकलो, तर आबा समुद्राकडे तोंड करून बसलेले. मागं न वळताच म्हणाले, "इंग्रज असा लगेच जातो होय? दीडशे वर्षं राहतो!"

मी बांधलेल्या पेट्या पुन्हा सोडल्या.

आबा गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. परवा दोघे पुतणे अंगणात आले, कितीतरी वर्षांनी बरोबर. "काका, मग कधी जाणार?" थोरल्यानं विचारलं. मागणी रास्तच होती. शिवाय माझ्याविरुद्ध का होईना, भावंडं एक झाली होती.

सकाळपासून पेट्या बांधतोय. ओटीच्या भिंतीवर आबांच्या पाठीनं पडलेला तेलकट डाग अजून आहे. दर गाठीला मी तिकडं बघतो, आणि मुद्दामच गाठ सैल मारतो.