रत्नम्माच्या चुलीशेजारी आमची वास्तू

मिरजेच्या स्टेशनवर मामंजींनी आमच्या ट्रंकेला दोरी बांधली. ट्रंकेला चांगली कडी होती आणि कुलूप मी स्वतः बाजारातून आणलं होतं. ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि सासूबाईंच्या पिशवीत टाकलं. "कुलूप कायमचं जाणाऱ्यांना. तुम्ही काय, आज ना उद्या परत येणार." गाडी हलताना खिडकीशी येऊन ते ह्यांना म्हणाले, "नोकरी तिकडची, घर इकडचं. ध्यानात ठेव." ह्यांनी मान डोलावली. हे वडिलांपुढे आयुष्यभर मानच डोलावत आले होते. मी मात्र हरिहर येईपर्यंत त्या दोरीच्या गाठीकडे बघून धुसफुसत होते.

तुमच्यापैकी जे सांगली-मिरजेकडेच राहिलात, त्यांना वाटतं आम्ही बंगळूरला थंड हवा खायला आलो. हवा थंड होती, खोटं कशाला बोलू. हे विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होते, पगार वेळेवर होता, जाईचे गजरे स्वस्त होते. पण पहिली कितीतरी वर्षं आम्ही ओनरच्या मर्जीवर काढली. इथे घरमालकाला ओनर म्हणतात आणि हा ओनर बहुतेक खालच्या मजल्यावरच राहतो. एकाला मी दाण्याचं कूट कुटलेलं खपत नसे, छत थरथरतं म्हणे. दुसरीला आमच्या फोडणीच्या हिंगाने शिंका येत. तिसऱ्याचा जावई बदली होऊन आला आणि आम्ही आठवड्याभरात बिऱ्हाड उचललं. प्रत्येक वेळी तीच ट्रंक, तीच दोरी. मध्ये मुलगी झाली, तिला कन्नड आमच्या आधी आलं, माझ्या बोलण्यात 'स्वल्प' आणि 'सरी' कधी शिरले ते कळलंही नाही. सुट्टीत सांगलीला निघालो की शेजारणी विचारत, "ऊरिगा?" म्हणजे गावाला का. मी म्हणे, हो, घरी. आणि परत येताना सासूबाईंना सांगे, निघते, बंगळूरला जायचंय. बंगळूरला 'घरी' म्हणायला जीभ वळत नसे.

साठ साल उलटल्यावर हलसूरच्या तलावाकाठचं ते घर मी पाहिलं. कॅन्टोन्मेंटच्या काळातलं, दुमजली, खिडक्यांवर लाकडी टोप्या. भिंतींना ओल होती, डास होते, उन्हाळ्यात पाण्याला वास यायचा. मालकीण एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई होती, लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेली. खालचा मजला तिथे पुष्कळ वर्षं भाड्याने राहणाऱ्या रत्नम्मा नावाच्या शाळामास्तरणीने विकत घेतला होता, जमिनीसकट. वरचा मजला घ्यायला कोणी धजत नव्हतं. अधांतरी घर कोण घेणार? मी वरच्या सज्जात उभी राहिले. समोर सगळं पाणी, पलीकडे पलटणीचा बिगुल वाजत होता. लहानपणापासून मी कृष्णेच्या घाटावर वाढलेली. मी ह्यांना तिथेच सांगितलं, मला हे हवं.

ह्यांचे मित्र हसले. कोणी म्हणालं येलहंक्याकडे मोकळा प्लॉट मिळेल, हवं तसं बांधा. पण मला बांधायला अजून दहा वर्षं थांबायचं नव्हतं. मला असं दार हवं होतं की जिथून मला कोणी 'खाली करा' म्हणणार नाही. ह्यांना ते पटत होतं, फक्त धीर होत नव्हता, कारण सांगलीत मामंजींनी ह्यांच्या नावाने जागा राखून ठेवली होती.

मामंजींनी नाही म्हटलं नाही. सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा शांतपणे अडकित्ता बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "वास्तुशांत कुठे करणार?"

मी म्हटलं, "घरातच."

"आग्नेयेच्या कोपऱ्यात खड्डा लागतो. वास्तुप्रतिमा जमिनीत पुरायची असते. तुमच्याकडे जमीन कुठाय?" मग सुपारी तोंडात टाकत म्हणाले, "वास्तुशांत झाल्याशिवाय त्या घरचं पाणी मी पिणार नाही."

हा त्यांचा हुकमाचा एक्का होता. मामंजी ज्या घरचं पाणी पिणार नाहीत, त्या घरात हे सुखाने राहणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

आम्ही घर घेतलं. घेतल्यावर मी भटजी गाठले, आमच्याकडचेच, चामराजपेठेत राहणारे. त्यांनी लगेच तोडगा काढला: मोठी कुंडी घ्या, माती भरा, तीत पुरा, शास्त्राला चालतं. ह्यांचा जीव भांड्यात पडला. मी नाही म्हटलं. कुंडी उचलून कुठेही नेता येते. इतकी वर्षं आम्ही तेच करत आलो होतो, उचलायचं आणि न्यायचं. मला उचलता न येणारं काहीतरी हवं होतं.

आमचं स्वयंपाकघर आग्नेयेला होतं. त्याच्या बरोबर खाली रत्नम्माचं. मी खाली गेले आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सरळ विचारलं, "अक्का, तुमच्या चुलीशेजारची फरशी काढून आम्हाला तिथे काहीतरी पुरायचंय. चालेल?"

रत्नम्माचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दार लावून घेतलं. जिना चढताना मला काही उमगेना. संध्याकाळी शाळेतून आलेल्या माझ्या मुलीने सांगितलं, "आई, दुसऱ्याच्या घरात पुरतात त्याला इथे माट म्हणतात. करणी." माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ज्या बाईच्या डोक्यावर मला उरलेलं आयुष्य काढायचं होतं, तिच्या चुलीखाली करणी पुरायला निघालेली बया मी झाले होते.

त्यानंतर रत्नम्मा मला पाहिलं की नजर वळवी. तिच्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची लागली. ती माझ्यासाठीच होती, हे मला पुरतं कळत होतं. हे म्हणाले, जाऊ दे, कुंडीतच करू. मी हट्टाला पेटले होते, पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं. आता कुंडीत पुरून मामंजींचं समाधान झालं असतं, रत्नम्माचं झालं नसतं.

शेवटी मी वास्तुप्रतिमा आणून ठेवली होती ती घेतली, हळदकुंकवाच्या करंड्यासकट खाली गेले आणि दार उघडताच ती तिच्या तळहातावर ठेवली. बोटाएवढा चांदीचा पालथा माणूस. म्हटलं, "अक्का, हा घर सांभाळतो. लपवून नाही पुरायचा. भटजी येतील, सगळ्यांदेखत पुरायचा. तुम्ही नको म्हणालात तर हा तुमच्याकडेच राहू दे, मी परत मागणार नाही."

तिने तो उलटसुलट करून पाहिला. आत नेला, देव्हाऱ्यासमोर ठेवला, बराच वेळ ठेवला. मी उंबऱ्याबाहेर उभी. बाहेर येऊन तिने विचारलं, "पूजेला आधी कोण बसणार?"

"तुम्ही सांगाल ते."

"मग मी नि माझे यजमानही बसणार." आणि वर बोट, खाली बोट करून म्हणाली, "मेले, केळगे, ओंदे मने अल्वा?" वर काय, खाली काय, एकच घर ना. मला रडूच आलं. तिने मला पाटावर बसवून कॉफी दिली.

मामंजी आले ते वास्तुशांत मोडतेय हे बघायलाच आले होते, असं मला आजही वाटतं. बरोबर पाण्याचा गडू आणला होता. भटजींच्या यादीत खड्ड्यात घालायला शेवाळ होतं. ते आणायला मी मुलीला पाठवणार, तर मामंजी उठले. धोतर वर खोचून तलावाच्या पायऱ्या उतरले आणि पाण्यात हात घालून तिथेच बसून राहिले. मी सज्जातून बघत होते. परत आले तेव्हा ओंजळ हिरवी होती. म्हणाले, "आपल्या घाटावरच्यासारखं गुळगुळीत आहे गं." त्यांच्या तोंडून बंगळूरविषयी निघालेला हा पहिला बरा शब्द.

मुहूर्ताला सगळे खालच्या स्वयंपाकघरात. रत्नम्माने शेगडी हलवून कोपरा सारवून ठेवला होता. कडप्प्याची फरशी निघाली, माती निघाली, काळसर, तलावाच्या ओलीने भिजलेली. मामंजींनी ती चिमटीत घेऊन पाहिली. प्रतिमा ठेवताना एक हात ह्यांचा होता आणि एक रत्नम्माच्या यजमानांचा. फरशी परत बसली. भटजी पाणी मागत होते तेवढ्यात रत्नम्माने मामंजींपुढे पितळी पेला धरला. मामंजींचा गडू वर आमच्याकडे राहिला होता. त्यांनी एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेला घेऊन पाणी प्यायले. "गोड आहे, अक्का," ते म्हणाले. रत्नम्माला मराठी कळत नव्हतं, पण 'अक्का' कळलं.

आता साठचं दशक सरत आलं. ओल अजून आहे, डास तर विचारूच नका. सणावाराला पहिलं पान वास्तूचं, ते घेऊन मी जिना उतरते. रत्नम्मा शेगडी सरकवते, मी फरशीवर पान मांडते. तिच्या सणाला ती वर होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, पाठवते. रागरुसवा होतो, नाही असं नाही. एकदा माझ्या मोरीचं पाणी तिच्या भिंतीत उतरलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती, पण वास्तूचं पान तिने अडवलं नाही. तुम्ही पत्रात विचारता, परत कधी येताय. माझी वास्तू दुसरीच्या चुलीशेजारी पुरलेली आहे, ती उकरून कशी आणू?

मामंजी परत जायला निघाले तो दिवस राहून राहून आठवतो. सामान बांधायला काही मिळेना, तेव्हा ते सज्जात गेले. तिथे मी मिरजेची ती दोरी कपडे वाळत घालायला बांधली होती. त्यांनी तिच्यावरचे कपडे काढून माझ्या हातात दिले, गाठी सोडल्या आणि दोरीने आपली वळकटी आवळली. मी म्हटलं, "मामंजी, दुसरी देते की."

"हीच नेतो," ते म्हणाले. मग सदऱ्याच्या खिशातून एक पुडकं काढून त्यांनी ट्रंकेवर ठेवलं. गाडी सुटल्यावर घरी येऊन मी ते सोडलं. मी मिरजेच्या बाजारातून आणलेलं कुलूप होतं ते, तेल घालून ठेवलेलं, किल्लीसकट.