झाकलेला पाय

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई मी लहान असल्यापासून म्हणायची. पंगतीतून पहिला उठणारा मी. परीक्षेत वेळ संपायच्या अर्धा तास आधी पेपर देऊन बाहेर पडणारा मी. अशा माणसानं हाडांचा डॉक्टर व्हावं हा एक विनोदच म्हणायचा, कारण हाडाला कसलीच घाई नसते. ते आपल्या सवडीनं जुळतं. तुम्ही रोज एक्स-रे काढून त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलंत तरी ते दोन दिवस आधी जुळत नाही.

तेव्हा मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात शिकत होतो. शेवटचं वर्ष होतं. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एक वयस्क सिस्टर होत्या. पेशंटला भूल द्यायच्या आधीच मी ग्लोव्ह्ज चढवून उभा दिसलो की त्या म्हणायच्या, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! डॉक्टर, त्याला आधी झोपू तर द्या." सगळे हसायचे, मीही हसायचो. आपला वेग सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो याचा मला छुपा अभिमानच होता.

शिवाय डोक्यावर प्रबंध होता. नडगीचं हाड मोडलेल्या लोकांना आत रॉड घालून लवकर चालायला लावलं, तर सहा महिन्यांनी त्यांचे पाय कसे असतात, हा माझा विषय. सगळ्या पेशंटचा कॉम्प्युटरवर एक तक्ता होता. हाड जुळलं का, गुडघा किती वाकतो, घोटा किती हलतो, दुखतं का, कामावर परतला का. त्यातच एक रकाना होता, पायाला पीळ आहे का, म्हणजे पाऊल आत किंवा बाहेर वळलंय का. त्या रकान्यात मी पहिल्या पेशंटपुढे 'नाही' लिहिलं आणि कर्सरनं तो चौकोन धरून खाली ओढत नेला. एका ओढीत सगळ्यांचे पाय सरळ झाले.

त्याच दिवसांत फुलंब्रीचे एक फरशी मिस्त्री आमच्याकडे दाखल झाले. वय चाळिशीच्या पुढे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं हळू. मेहुण्याला मागे बसवून रोज मोटारसायकलवरून शहरातल्या गारखेड्यात कामाला यायचे. वाटेत टेम्पोनं घासलं आणि उजवी नडगी मोडली. मेहुण्याला खरचटलंसुद्धा नाही, आणि मिस्त्री स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यालाच धीर देत होते.

त्यांचं ऑपरेशन मी केलं. मला शिकवणारे सर सोबत होते, पण हात माझे होते. यात गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत रॉड सारायचा, वर दोन स्क्रू मारायचे आणि खाली दोन. खालचे स्क्रू बसेपर्यंत मोडलेल्या हाडाचा खालचा तुकडा रॉडभोवती फिरू शकतो. म्हणून ते मारण्याआधी पाऊल दुसऱ्या पायासारखंच आहे ना, हे ताडून पाहायचं असतं. मात्र दुसरा पाय हिरव्या कापडाखाली झाकलेला असतो. त्याचं पाऊल आधीच नीट पाहून ठेवावं लागतं, नाहीतर कापडावरून चाचपावं लागतं. मी यातलं काहीच केलं नव्हतं. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत होते आणि रॉड पहिल्याच फटक्यात आत गेल्यानं मी हवेत होतो.

सर एव्हाना शेजारच्या टेबलावर गेले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "रोटेशन पाहिलंस?"

"हो सर," मी म्हणालो आणि ड्रिल मागितलं.

सहा आठवड्यांनी मिस्त्री वॉकर घेऊन दाखवायला आले. एक्स-रे छान होता. मी पुढच्या माणसाला आत बोलावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "डॉक्टरसाब, पाय जरा लाईनीच्या बाहेर वाटतो."

"सूज आहे अजून. उतरली की होईल सरळ."

"सुजेचं नाय वाटत. घरातली फरशी मीच बसवलेली हाय. जोडावर उभा राहून बघितलं. डावा लाईनीत हाय, उजवा बाहेर जातो." मग जरा थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं ते म्हणाले, "आमच्यात कसं हाय, शिमिटाचा माल ओला हाय तवर फरशी सरकवता येती. एकदा धरली की मंग फोडावीच लागती."

मी हसलो. वाईट हेतूनं नाही, पण हसलो. म्हणालो, "मिस्त्री, हाड म्हणजे फरशी नव्हे." बाहेर रांग होती. त्या दिवशी मी दोन मिनिटं खाली वाकलो असतो तर खालचे दोन स्क्रू काढून, पाऊल फिरवून, ते पुन्हा बसवून काम भागलं असतं. हाड तेव्हा ओलंच होतं. मिस्त्री अगदी बरोबर बोलत होते आणि मला ते शिकवणाऱ्या पुस्तकाचं पान पाठ होतं.

सहा महिन्यांनी ते शेवटच्या तपासणीला आले. एक्स-रे इतका सुंदर होता की मी तो प्रबंधात नमुना म्हणून घालायचं ठरवलं. हाड कुठं मोडलं होतं हे शोधावं लागत होतं. सोबत पेशंटचा उभा फोटो लागतो, म्हणून त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. मी मोबाईल काढला. मिस्त्रींनी खाली पाहिलं, दोन फरश्यांमधला एक लांब सरळ जोड निवडला आणि डावं पाऊल त्याला लावून उभे राहिले.

"उजवा पाय जरा सरळ ठेवा मिस्त्री."

"हाच सरळ हाय, डॉक्टरसाब."

मोबाईल हातात तसाच राहिला. गुडघ्याची वाटी समोर होती, पाऊल मात्र बाहेर, अंगणाचं फाटक अर्धवट उघडं राहावं तसं. मग मला बरं वाटावं म्हणून की काय, त्यांनी ते पाऊल ओढून जोडाच्या रेषेत आणलं, तर गुडघा आत वळला. "असं केलं की गुडघा वाकडा जातो," ते म्हणाले. "जुम्म्याच्या नमाजाला रांगेत उभा राहिलो की शेजारच्याच्या पायावर पाय जातो. सवय नाय लागत. माझंच काय तरी चुकत आसंल. कसरत कमी पडली आसंल."

मी फोटो काढला. "बघतो," म्हणालो आणि निघालो. त्यांनी चूक आपलीच धरली होती आणि मी ती त्यांच्यापाशीच राहू दिली, याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतरचे दोन दिवस मी एका जागी बसू शकलो नाही. वॉर्डात जायचो आणि कशाला आलो ते विसरायचो. संध्याकाळी बाहेर पडलो की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची पावलं बघायचो. पाणीपुरीच्या गाड्यावरची, बसस्टॉपवरची, रिक्षातून उतरणाऱ्यांची. बऱ्याच लोकांची पावलं थोडी बाहेर असतातच, असं मनाला सांगायचो, आणि लगेच मनच म्हणायचं, दोन्ही असतात रे, दोन्ही. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. खोलीवर बसून मी तो फोटो घोट्यांच्या वर कापला. दोन सरळ नडग्या राहिल्या. कुणालाही काही कळलं नसतं. मी तो तसा पानावर चिकटवलासुद्धा, खाली 'उत्तम' असं लिहिलं, आणि पुन्हा बाहेर पडून लोकांची पावलं बघत फिरलो.

तिसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. सगळं सांगितलं, ते 'हो सर' धरून. सरांनी चष्मा काढून पुसला. माझी अपेक्षा होती की ते ओरडतील, मग मोकळं वाटेल. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मीही नुसतं विचारलं, वळून पाहिलं नाही. ऑपरेशन मी करीन. पण त्याला हे तू सांगायचंस. आणि इथं बोलावून नाही. तू त्याच्याकडे जायचंस."

मिस्त्रींच्या मेहुण्याचा नंबर केसपेपरवर होता. गारखेड्यात एका नव्या इमारतीत काम चालू होतं. मी गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर मेहुणा गुडघ्यांवर बसून दोरी ताणत होता, रबरी हातोडीनं फरशी ठोकत होता. आणि मिस्त्री कोपऱ्यात घमेल्यात माल कालवत होते. मला पाहून त्यांनी हात धुतले, एक पालथी बादली पुढे सरकवली आणि बसा म्हणाले.

"तुम्ही दोरी धरत नाही आता?" मी विचारलं.

"मागं सरकत सरकत बसवावं लागतं ना. हा पाय बसवलेल्या फरशीला लागतो, लाईन हालती. दोन खोल्यांची फरशी फोडावी लागली. मंग म्हणलं, तू धर दोरी, मी माल देतो." ते हसले. "मिस्त्रीचा बिगारी झालो. चालतंय."

मेहुण्यानं मान वर केली नाही. त्याची हातोडी मात्र थांबली होती.

येताना मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, तुमचं काही चुकलेलं नाही. कसरतीचा काही संबंध नाही. ऑपरेशनच्या वेळी पाऊल सरळ आहे का हे मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा बघितलं म्हणून खोटं सांगितलं. चूक माझी आहे."

मालाच्या घमेल्यात पाणी वर येऊन साचलं होतं, मिस्त्री तिकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "लाईन कशावरनं घेतली हुती?"

"म्हणजे?"

"लाईन घ्यायला काय तरी धरावं लागतं. भिंत, उंबरा, आधीची फरशी. तुम्ही कशावरनं घेतली?"

"दुसऱ्या पायावरून घ्यायची असते."

"मंग दुसरा पाय कुठं हुता?"

"झाकलेला होता."

"झाकलेला," ते म्हणाले. त्यांनी एकदा मेहुण्याकडे पाहिलं. धंद्यातल्या दोन माणसांनी तिसऱ्याचं वाईट काम बघावं तसं त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग ते हळूच बोलले, "मी तवाच बोललो हुतो. तुम्ही हसला हुता."

"हसलो होतो," मी म्हणालो. मग पुढं काय करता येईल ते सांगितलं. जुळलेलं हाड पुन्हा कापावं लागेल, पाऊल फिरवून नवा रॉड घालावा लागेल, पुन्हा काही महिने जातील. मोठे सर करतील. तुम्ही नको म्हणालात तरी तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर सगळे कागद मी स्वतः काढून देईन.

त्यांनी चार दिवस घेतले. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मेहुण्याचा फोन आला, "दाजी येतो म्हणलेत. पण आपरेशनला तुम्ही आत पाह्यजे, असं सांगितलंय."

ऑपरेशनपर्यंतचे दिवस मी पिळाचा तो रकाना पुन्हा भरण्यात घालवले. जितके पेशंट फोनवर सापडले तितक्यांना बोलावलं, दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहिले. एका बाईंचं पाऊल किंचित वळलेलं निघालं. त्यांना त्रास नव्हता. "मला वाटलं, वयानं झालं," त्या म्हणाल्या. मी तसं लिहून ठेवलं. मिस्त्रींच्या नावापुढचं 'उत्तम' खोडलं. फोटो पुन्हा पावलांसकट लावला आणि खाली कुणामुळे झालं तेही लिहिलं. पुढं तोंडी परीक्षेत त्यावर मला बराच वेळ उभं केलं गेलं. ते योग्यच होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मिस्त्रींना फक्त कमरेखाली बधिर केलं होतं, म्हणजे ते जागे होते. छातीपाशी पडदा होता, पडद्यापलीकडे त्यांची लाल दाढी. सिस्टरनी नेहमीच्या सवयीनं हिरवं कापड उचललं आणि डाव्या पायावर टाकायला गेल्या. मी त्यांचा हात अडवला. "दोन्ही स्वच्छ करू या सिस्टर. दोन्ही उघडे राहू देत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाशिंगाचं काही बोलल्या नाहीत.

सरांनी हाड कापलं, नवा रॉड घातला, वरचे स्क्रू बसवले. मग ते एक पाऊल मागे सरकले आणि मला म्हणाले, "पाऊल तू धर." मी दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या छताकडे आणल्या. उजवं पाऊल हातात घेतलं आणि सावकाश आत फिरवलं. शेजारी डावं पाऊल होतं, टाचेला भेगा पडलेलं, नखांत सिमेंट राहिलेलं. लाईन त्याच्यावरून घ्यायची होती.

पडद्यामागून आवाज आला, "डॉक्टरसाब, आलं का लाईनीत?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"थांबा मिस्त्री," मी म्हणालो, "बघतोय." आणि खाली वाकून, कुणीही घाई करत नसताना, मी पहिल्यांदा नीट बघत राहिलो.