पेटीतल्या उंदराचा नैवेद्य

गोंडपिपरीच्या डोमा मास्तरांची हार्मोनियम त्यांच्या तरुणपणी नाटकमंडळींबरोबर गावोगाव हिंडलेली. आता मास्तर सत्तरीचे, पेटीही जवळपास तेवढीच, आणि दोघांच्याही खोड्या गेलेल्या नाहीत. इंदिराबाईंना हे फार उशिरा कळलं.

इंदिराबाई महिला भजन मंडळात अठरा वर्षं मागच्या रांगेत. आवाज गोड, पण कायम दुसरीच्या आवाजाआड लपलेला. यंदा पुढे गाणाऱ्या रंजीताबाई लेकीच्या बाळंतपणाला गडचांदूरला गेल्या आणि नवरात्रातल्या स्पर्धेत पहिलं कडवं एकटीनं म्हणायचं इंदिराबाईंवर आलं. नाही म्हणावं तर मंडळाचं नाव कटणार. म्हणून छप्पन्नाव्या वर्षी त्या मास्तरांपुढे जाऊन बसल्या.

चौथ्याच दिवशी पेटीचा गंधार गेला. पट्टी खाली जाई, आवाज काही निघेना.

"मास्तर, हे काऊन वाजून नाई राह्यलं?"

"उंदीर शिरला जी पेटीत. सूर खाते तो," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "तेवढा सूर तुमीच म्हना."

उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, त्याला मारणार कसं? इंदिराबाई रोज वाटीत गूळखोबरं आणून पेटीजवळ ठेवू लागल्या. हात जोडून म्हणायच्या, "देवा, हे खा, पन माहा गंधार सोड." वाटी दुसऱ्या दिवशी चाटूनपुसून साफ. आठवड्यानं गंधार आला, तर पंचम गेला. शेजारची दिव्यानी तिथंच शिकायची. तिच्या वेळेला पंचम ठणठणीत, धैवत गायब!

"मानूस पाहून भूक लागते का जी या उंदराले?"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवत पुढची ओळ वाजवायला घेतली.

स्पर्धेला मंडळाची नवी पेटी होती, सगळे सूर जागेवर, वाजवायला मास्तरच. इंदिराबाईंनी देवीला नमस्कार केला, कडवं सुरू केलं, आणि पहिल्याच ओळीत मास्तरांनी भाता सोडून चष्मा काढला. निवांत पुसत बसले! उंदरानं आज अख्खी पेटीच खाल्ली म्हणायची, दुसरं काय! मास्तरांवर डोळे वटारून त्या गात राहिल्या. इतके दिवस एकेक सूर आपणच भरलेला, आज सगळे भरले. कडवं संपलं तेव्हा मास्तरांनी चष्मा लावून पट्टी दाबली. सूर बरोबर तिथंच. नंबर दुसरा आला, पण इंदिराबाई घरी गेल्या त्या पहिल्या आल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याची वाटी ठेवून त्या निघाल्या आणि विसरलेली पिशवी घ्यायला परत वळल्या. बघतात तर मास्तर पेटी उघडून लग्नपत्रिकेच्या कागदाची घडी आतल्या एका सुराच्या पत्तीवर सरकवून तिला मुकं करताहेत, आणि दुसऱ्या हातानं खोबरं तोंडात टाकताहेत.

इंदिराबाई पिशवी तशीच सोडून घरी आल्या.

पुढच्या दिवशी नैवेद्याला लाडू होता. आत दोन लवंगी मिरच्या वाटलेल्या. वाटी ठेवून त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आतून खोकला सुरू झाला, थांबेचना.

"मास्तर, उंदराले ठसका लागला वाट्टे!"

"पानी आना जी बाई, लवकर!"

त्यांनी पाणी दिलं. तेवढ्यात तिची वेळ झाली म्हणून दिव्यानी दारातून धावतच आली आणि पेटीवर बोटं फिरवून ओरडली, "काकू, माहा मध्यम गेला!"

इंदिराबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पाणावल्या डोळ्यांनी हळूच हात जोडले.

"उंदीर हाय बाई," इंदिराबाई म्हणाल्या. "तेवढा सूर तूच म्हन. अन् उद्यापासून गूळ आनजो."