सगुणाबाईच्या तीनचाकीची चाकं

निमोण्याच्या फाट्यावर ज्ञानू सायकलवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर चार पत्रे, वर लिंबाची सावली, पंक्चर बघायची पाण्याची पाटी आणि हवेचा पंप. पण माणूस हाताचा पक्का. चाकाची आऊट काढावी, वाकडं चाक सरळ करावं, तर ज्ञानूनंच. चाक गरकन फिरवायचा, रिमजवळ अंगठा धरायचा, आणि कुठली तार ढिली आहे ते त्या अंगठ्यालाच कळायचं. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. बाप म्हाळू दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा. ज्ञानूनं मात्र मिसरूड फुटायच्या आतच मेंढरांना हात जोडले आणि पाना हातात धरला.

पंच्याण्णवच्या सुमाराला या भागात जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली आल्या. पोरं त्यांना रेंजर म्हणायची आणि घरी हटून बसायची. सायकल घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक आधी ज्ञानूकडं सल्ल्याला यायचं. तो त्याला आधी सायकलीशेजारी उभा करायचा, पाय टेकतात का बघायचा, मग विचारायचा, "जाणार कुठनं? डांबरीनं का रानातनं?" अठ्ठावीस इंचाचं बारीक चाक डांबरीवर हलकं पळतं, सव्वीसचं जाड चाक खडीत आणि वाळूत तगतं. "आधी माणूस बघा, मग रस्ता बघा, सायकल समद्यात शेवटी," असं तो म्हणायचा. म्हणायचा खरा!

गावाच्या सायकली नीट करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सायकलीचं पुढचं टायर चिरलेलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय? आत जुन्या टायरचा तुकडा घालून त्यानं दोन महिने ढकलले. उद्या बदलू, परवा बदलू. शहाण्णवच्या पौषात बायकोला, सगुणाबाईला, मागं बसवून तो न्हावऱ्याच्या बाजाराहून परत येत होता. ओढ्याच्या उतारावर ते टायर फुटलं. ज्ञानूचं कोपर खरचटलं, आणि सगुणाबाई पाठीवर पडली ती ओढ्यावरच्या मोरीच्या दगडावर. पुण्याच्या दवाखान्यात सव्वा महिना काढला. मणका दबलाय म्हणाले. पायाला चिमटा काढला तर तिला कळायचा, पण पाय अंगाचा भार घेईनात. ते तसंच राहील, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं.

आणि ही बाई कशी, तर चालणारी. पोरपणी आईबापाच्या कळपामागं घाट उतरून कोकणात गेलेली, काखेत कोकरू आणि डोक्यावर बोचकं. "हिच्या चालीला घोडं पुरं पडत न्हाई," असं सासरा म्हाळू कौतुकानं म्हणायचा. ती आता ओट्यावर बसून असायची. हातावर रेटा देऊन ओट्याच्या या टोकाहून त्या टोकाला सरकायची, चूल करायची, धान्य निवडायची. टायरबद्दल तिनं नवऱ्याला एक शब्द कधी विचारला नाही. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर ज्ञानूला बरं वाटलं असतं.

त्यानं आपल्या परीनं काही कमी केलं नाही. सकाळी दुकानाला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर तो तिला पाठीवर घ्यायचा, दोन वावरं ओलांडून बांधाच्या आडोशाला परसाकडं न्यायचा आणि परत आणून ओट्यावर ठेवायचा. वाटेनं माणसं बघायची. ग्रामपंचायतीतले सोपानराव तर चारचौघांत म्हणायचे, "बायकोला पाठीवर घेऊन हिंडणारा नवरा आमी तरी पाह्यला न्हाई. देवमाणूस हाय बाबा!" ज्ञानू मान खाली घालायचा, पण खोटं कशाला बोला, ते त्याला गोड लागायचं. ते ऐकलं की टायरचं पाप जरा हलकं व्हायचं.

दोन वर्षांनी दौंडला अपंगांना साहित्य वाटायचं शिबिर भरलं. त्यांची एकुलती लेक प्रगती तिथंच नांदत होती. तिनं आईचं नाव नोंदवलं आणि हातानं फिरवायची तीनचाकी मिळाली. टेंपोतून गाडी उतरली तेव्हा सगुणाबाई दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळं हसली. "मला कुणाला हाक न मारता जायचंय," ती म्हणाली. "एकदा तरी."

गाडीची तिन्ही चाकं अठ्ठावीसची, टायर बारीक. वस्तीभोवती काळी माती, उन्हाळ्यात पिठासारखी भुसभुशीत. दहा हात गाडी गेली आणि रुतून बसली. सगुणाबाईनं दांडा फिरवून फिरवून खांदे भरून घेतले, चाक जागचं हललं नाही.

"ह्यात काय हाय? जाड चाकं घालू," ज्ञानू म्हणाला. आता हा त्याच्या हातचा मळ होता.

कसला हातचा मळ! शिरूरच्या दुकानांत त्याला हवी तशी जाड टायरं मिळाली नाहीत. यवतला भंगारात रेंजरच्या तीन रिमा सापडल्या, टायरं दौंडहून आणली, ती बसेनात. सव्वीसमध्येही दोन जाती. लेडीज सायकलचं सव्वीस निराळं, रेंजरचं निराळं. पहिल्याचं टायर दुसऱ्याच्या रिमवर ढिलं पडतं, हवा भरली की उसळून बाहेर येतं. हे ज्ञानूला पुरतं ठाऊक होतं, पण दुकानदारानं कागदात गुंडाळून दिलेलं त्यानं घाईत उलगडून बघितलं नव्हतं. पुन्हा दौंड. या खेपेला नीट पारखून घेतली. खोल नक्षीत काळी माती भरते आणि चाक मणाचं होतं, म्हणून उथळ नक्षीची निवडली. वर चिखल अडू नये म्हणून मडगार्ड काढून टाकले. तारा कापल्या, आटे पाडले, चाकं विणली, आऊट काढली. दीड महिना त्याला दुसरं काही सुचलं नाही.

गाडी तयार झाली त्या दिवशी सोपानरावांनी नारळ फोडला. ज्ञानूनं बायकोला दोन्ही हातांवर उचलून गाडीवर बसवलं. ती विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. चाक कुठं रुतलं नाही. बायाबापड्यांनी ज्ञानूची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. त्यानं तिला पुन्हा उचलून ओट्यावर ठेवलं.

त्यानंतर गाडी जी भिंतीला लागली ती लागली. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. सीटवर कोंबडी बसायला लागली. ज्ञानूच्या मनाला फार लागलं. "कुत्र्यावानी वणवण केली मी," तो एकदा बोलला. "तुला काय पडलीय?" सगुणाबाईनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

वैशाखात प्रगती लेकराला घेऊन माहेरी आली. चार दिवस तिनं घरातली तऱ्हा बघितली. पाचव्या दिवशी बाप जेवून हात धूत होता, तेव्हा तिनं त्याला गाठलं.

"आबा, आई गाडी वापरत न्हाई म्हणून तुमी फुगलाय म्हणं."

"मग काय करू? नाचू?"

"तुमी दुकानात गेल्यावर तिला गाडीवर बसवतं कोण?"

ज्ञानूचा हात पाण्याखालीच राहिला.

"आन् आई दिवसभर पाणी पित न्हाई, ठावं हाय का? सकाळी तुमी आणून बसवलं की संध्याकाळपतूर घोटभर न्हाई. चहा न्हाई. ह्या असल्या उन्हात, आबा! का, तर मधीच जायाची येळ आली तर न्यायला कोण?"

ज्ञानूनं तांब्या खाली ठेवला. तो आत गेला आणि बायकोसमोर मटकन बसला. "मला का न्हाई बोललीस?"

"तुमी एवढ्या हौसंनं उचलता," सगुणाबाई म्हणाली. "समदं गाव वा वा करतं. कसं बोलू?"

"माझ्याच टायरनं झालं गं समदं..." एवढं बोलून तो रडायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा हे त्याच्या तोंडातून बाहेर पडलं होतं.

तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "टायरचा राग माझा कवाच गेला. उचलण्याचा राग मातर जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं दुकान उघडलं नाही. ज्याच्या त्याच्या पायांची उंची बघून सायकल सांगणारा आपण, आणि घरच्या माणसाचं माप घ्यायचंच राहिलं! वाट मोजली, माती मोजली, हिला विचारलंच नाही. त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं सुतळी घेतली आणि जमिनीपासून ओट्याच्या कडेपर्यंत उंची धरून गाठ मारली. तीच सुतळी गाडीच्या सीटला लावली. सीट चांगली चार बोटं वर होती. भार न घेणाऱ्या पायांनी ओट्यावरून तेवढं वर चढणं तिला सात जन्मांत जमलं नसतं.

"विसाची चाकं घातली तर सीट खाली येईल," तो हिशेब करत म्हणाला. "पोरांच्या सायकलीची, जाड टायरची. पण बारकं चाक चाकोरीत अडकतं. बैलगाडीचं चाक मोठं का असतं? खड्डा गिळायला."

"मला खड्ड्याचं भ्या न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "मला चढायचं भ्या हाय."

 पुन्हा यवत, पुन्हा दौंड. विसाची रिम, विसाचं जाड टायर, या वेळी तिन्ही कागदं दुकानातच फाडून बघितली. गाडी खाली आली तशी पाय ठेवायची फळी जमिनीला घासायला लागली. ती न्हावऱ्याच्या भिमाजीनं वर घेऊन जोडून दिली. पाबळच्या टेक्निकल शाळेत शिकलेला वेल्डर तो, कामाला चोख. हवा ज्ञानूनं जरा कमीच ठेवली, म्हणजे टायर पसरतं आणि मऊ मातीत बुडत नाही. चाक लहान झालं तसा हातदांडाही हलका फिरायला लागला. मग सगुणाबाईनं स्वतः एक काम सांगितलं. बांधाच्या आडोशाला बसायला दोन दगडी फाड्या रचायच्या, भोवती कडब्याचं कूड घालायचं, आणि फाड्यांची उंची त्याच सुतळीची.

मृगाच्या आधीची सकाळ होती. गाडी ओट्याला लावून ज्ञानू बाजूला उभा राहिला.

"तुमी जावा दुकानाला," सगुणाबाई म्हणाली.

"जातो. जरा बघतो आन् जातो."

तिनं एक हात सीटवर ठेवला, एक ओट्यावर, आणि अंग ओढलं. अर्ध्यावर गाडी हलली. ज्ञानू धावला.

"बसा!" ती ओरडली. अशी ती त्याच्यावर उभ्या जन्मात ओरडली नव्हती.

तो बसला. ती सीटवर सरकली, एकेक पाय हातानं उचलून फळीवर ठेवला, पदर खोचला आणि दांडा फिरवायला लागली. चाकोरीत पुढचं चाक अडकलं. ज्ञानूचं अर्धं अंग उठलं. "मागं येऊ नका," ती मागं न बघताच म्हणाली. तिनं गाडी उलटी घेतली, जरा तिरकी धरली आणि चाकोरी पार केली. कुडाशी गेली. बराच वेळ तिथं राहिली. मग बाहेर आली, आणि घराकडं वळायच्या ऐवजी बांधाच्या कडेकडेनं पुढं निघाली. बाभळींच्या पल्याड दिसेनाशी झाली.

ज्ञानू ओट्यावर बसून राहिला. जावं तर तिनं येऊ नका म्हटलेलं. न जावं तर जीव टांगणीला. गाडी उलटली असेल का? हाक मारली तर ऐकू येईल का? ऊन ओट्यावर चढलं, फाट्यावर गिऱ्हाइकं खोळंबली असतील, पण त्याला उठता येईना. दुसऱ्या माणसाच्या येण्याकडं डोळे लावून एका जागी बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी त्याला कळलं. ती दोन वर्षं रोज अशी बसली होती.

दीडेक तासानं गाडी बाभळींआडून निघाली. सगुणाबाईचं तोंड लाल झालेलं, पाठ घामानं चिंब, तळहात सोललेले. तिनं गाडी ओट्याला भिडवली, ब्रेक लावला आणि कुणाचा हात न घेता सरकून वर बसली.

"एवढा येळ कुठं गेलतीस?" ज्ञानूनं विचारलं. 

सगुणाबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"जायाचं व्हतं तिथं," ती म्हणाली, आणि चुलीकडं सरकली.

ज्ञानूनं पुढं कधी विचारलं नाही.