परातीतला आखाडा

सगुणाबाईंना कुस्ती कळते, हे आमच्या वाडीला कळायला त्यांची पासष्टी उलटावी लागली. दोष वाडीचाच. हमरस्त्यावरच्या वरवंडपासून हाकेच्या अंतरावर आहोत, पण जत्रेच्या मैदानात बायांनी बसायचं नाही हा नियम इथं अजून चालतो. तो केला कुणी ते कुणालाच ठाऊक नाही, पाळायला मात्र सगळे हजर. बाईंचे तिघेही भाऊ पैलवान. त्यांच्यासाठी बदाम वाटता वाटता बाईंनी माहेरी डाव ऐकले आणि सासरी आल्यावर दरसाल देवळामागच्या गच्चीवरून कुस्त्या बघितल्या.

नात मोनिका दौंडला कॉलेजात आहे. गेल्या वर्षी ती मोबाइलवर कुस्ती बघत होती, तर भाकरी थापता थापता बाई म्हणाल्या, "ह्यो गडी आता घिस्सा मारणार बघ." आणि त्यानं मारला! मोनिकानं तिथंच डोकं चालवलं. बाईंनी जुन्या लुगड्याचे दोन पैलवान शिवले, परातीत बाजरीचं पीठ पसरलं, झाला आखाडा तयार. गाजलेली कुस्ती घ्यायची आणि परातीत पुन्हा लावायची. मोनिका त्याचा व्हिडिओ करून टाकायची, त्यात दिसायचे फक्त बाईंचे हात. "ह्यानं मान दिली, हितंच मेला बघा." कोल्हापूरपासून दुबईपर्यंतचे शौकीन कमेंटमध्ये वाद घालू लागले. बाई पुढच्या व्हिडिओत एकेकाला नाव घेऊन झापायच्या, आणि झापलेला गडी दहा जणांना तो व्हिडिओ पाठवायचा. हौसेला मोल नसतं.

यंदा जत्रा कमिटीनं मोनिकाला मैदान लाइव्ह दाखवायला सांगितलं. ती म्हणाली, बोलणार आज्जी, आणि तेही मैदानात बसून. कमिटीचे गेणबाआप्पा, एके काळचे पैलवान, उसळले.

"बाई मैदानात? आजवर झालं न्हाई!"

"मग तुम्हीच बोला आप्पा. पर लोकं आज्जीला ऐकाया येत्यात."

आप्पांना ते पटलं नाही, पण इलाजही नव्हता. त्यांनी अट घातली, "एक जरी चूक झाली, तर परत मैदानात पाय ठिवायचा न्हाई."

"कबूल," बाई म्हणाल्या.

दिवसभर त्यांनी मैदान गाजवलं. शेवटची कुस्ती लागली आप्पांच्या नातवाची, माऊलीची, निमोण्याच्या पप्पूशी. हलगी कडाडली. माऊलीनं पप्पूला खाली घेतला, घिस्सा मारून पाठीवर पाडला, पंचांनी माऊलीचा हात वर केला. गाव नाचत आत घुसणार, एवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "थांबा. डावा खांदा टेकला न्हाई."

मी बाईंच्या मागंच उभा होतो. खरं सांगतो, मला त्यांचा संताप आला. आपला गडी जिंकलाय, घटकाभर गप्प बसायला काय होतं?

आप्पा लांबूनच ओरडले, "पंचांच्या वर बोलतीस व्हय गं?"

"पंच त्या अंगाला हुबं हायेत आप्पा, मी ह्या अंगाला."

मोनिकानं पळत जाऊन पंचांना व्हिडिओ दाखवला. पप्पूच्या खांद्याखाली चार बोटं जागा मोकळी होती. पंच काही बोलायच्या आत माऊलीच म्हणाला, "आज्जी बरोबर हायेत. मला कळलं व्हतं." पोराची मान खाली गेली होती, पण तो बोलला.

कुस्ती पुन्हा लागली आणि तिसऱ्या मिनिटाला पप्पूनं माऊलीला आसमान दाखवलं.

आप्पा उठले आणि तडक बाईंकडं निघाले. मोनिका आज्जीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मीही पुढं सरकलो, उगाच. आप्पांनी तिला हातानं बाजूला केलं, खुर्ची ओढली आणि बाईंच्या शेजारी बसले.

"सांगा सगुणाबाई. पोरगं चुकलं कुठं?"

माइक चालू होता, लाइव्हही चालू होतं.

"पाय जवळ ठिवतंय," बाई म्हणाल्या. "तुमच्यावानीच. तुम्ही बी असंच पडायचा."

आप्पा स्वतःच्या पायांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे तवाच सांगायचं की."

"तवा इचारलं कुणी?"