अळिवाची खीर आणि ठसकणारं पोर

नात बाळंतपणाला माहेरी, आमच्याकडे आली होती. सून सकाळी अंगणवाडीत जायची, मुलगा उसाला पाणी द्यायला. दिवसभर घरात मी, नात आणि तिचं पोर.

पोर तीन आठवड्यांचं झालं आणि बिथरलं. छातीशी घेतलं की चार घोट गटागट प्यायचं, ठसकायचं, तोंड सोडून मागं वाकायचं आणि पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं. पोट टणक. थोड्या वेळानं पुन्हा भूक, पुन्हा तेच. मी बेंबीभोवती हिंग लावला. खांद्यावर टाकून पाठ चोळली. ढेकर यायचा, वारा सरायचा, पण पुढच्या पाजणीला तोच तमाशा. घुटीसाठी सहाण काढली तर नात म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी काही चाटवायचं नाही म्हणून सांगितलंय." सहाण जागेवर ठेवली. राग आला, पण ठेवली.

माझं मत पक्कं होतं, की हिचं दूध पोराला पुरत नाही. त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणात मला दूध आलं नाही. पोर शेळीच्या दुधावर वाढलं. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमी भाकड आणली." ते मी विसरले नाही. म्हणून नातीला सकाळ-संध्याकाळ अळिवाची खीर, वर डिंकाचे लाडू, मेथी, शेपू. पोर जास्त रडलं की मी खीर वाढवायची.

"आजी, आता मीच फुटंन," ती म्हणायची.

"फूट, पण खा."

एका दुपारी तिनं पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "पप्पांना सांग, येताना डब्याचं दूध आणा म्हणून. माझ्यातच खोट हाय."

त्या शब्दानं मला बसवेना. पोर तिच्याजवळ ठेवलं आणि गोठ्यात गेले.

आमची गावरान गाय नुकतीच व्याली होती. वासरू सोडलं तसं ते कासेला भिडलं आणि ठसकलं. नाकातून दूध आलं. मी सवयीनं त्याला बाजूला रेटलं, चार धारा खाली सोडल्या, मग पुन्हा लावलं. आता ते निवांत प्यायला लागलं. व्यालेली गाय भरात असली की आम्ही असंच करतो. हात तसाच सडावर राहिला. रोज वासराचं कळत होतं, पोराचं कळलं नव्हतं.

घरात येऊन म्हटलं, "पहिल्या धारा फडक्यात काढ."

"कशाला? आधीच कमी हाय."

"काढ म्हनते ना."

तिनं दाबलं तशी धार फडक्यावरून माझ्या चष्म्यावर आली. नात बघतच राहिली. "आजी, हे कमी हाय व्हय?"

कमी नव्हतं. पोर भुकेनं नव्हे, पुरानं ओरडत होतं. दुधाबरोबर वाराही गिळत होतं. आणि तो पूर मीच आणला होता.

धारेचा जोर ओसरल्यावर तिला पाठीशी गोधडी देऊन मागं रेलवलं आणि पोर तिच्या छातीवर पालथं ठेवलं. ते प्यायलं. मी उभीच. आता ठसकेल, मग ठसकेल. मधे एकदा कुरकुरलं, उभं धरलं, मोठा ढेकर दिला, पुन्हा लागलं. मग तोंड उघडं टाकून झोपलं. तरी मला बसवत नव्हतं.

दिवस कलताना मुलाचा फोन आला, डबा कोणता आणू म्हणून; मी गोठ्यात असताना नातीनंच त्याला कळवलं होतं. नात पोराकडे बघत होती. म्हणाली, "आज राहू द्या. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही ते रडलं, पण आधीइतकं नाही. डब्याचं नाव कोणी काढलं नाही.

त्या संध्याकाळी सवयीनं केलेली खीर पातेलंभर तशीच होती. नात म्हणाली, "गाईला घालू?"

"तिलाबी आधीच लई हाय," म्हटलं, आणि मीच खायला बसले.